जंगलातून उडणारे कण आणि सह्याद्रीवरचे ढग: नेमकं काय होतं, किती होतं

प्रश्न असा होता: "जंगलातल्या झाडांमधून सूक्ष्म कण हवेत जातात आणि त्यांच्यावर ढग तयार होतात असं वाचलं. मग ताम्हिणी-मुळशीचा पाऊस तिथल्या जंगलामुळे आहे का? आणि वेताळ टेकडी, तळजाई इथे भरपूर झाडं लावली तर पुण्याचा पाऊस वाढेल का?"

आधी थोडक्यात उत्तर. जंगलातून निघणारे वायू आणि कण ढगांवर परिणाम करतात, याबद्दल शंका नाही. पण ज्या जंगलातून ते निघतात त्याच जंगलावर, त्याच दिवशी ढग उभे करतात, असं सहसा होत नाही. पुण्याच्या हवेत ढगबीजांची, म्हणजे ज्यांच्यावर ढगाचा थेंब धरतो त्या कणांची, टंचाई कधीच नसते. टंचाई असते ती बाष्पाची आणि हवा वर उचलणाऱ्या जोराची. ताम्हिणीच्या पावसाचं कारण अरबी समुद्रावरचं बाष्प आणि सह्याद्रीची भिंत हे आहे. जंगल त्या ढगातल्या थेंबांची संख्या आणि आकार थोडाफार बदलू शकतं. हा "थोडाफार" किती, हे ऋतूवर, वाऱ्याच्या दिशेवर आणि मुख्य म्हणजे हवेत आधीपासून काय होतं यावर ठरतं. पुढचं सगळं स्पष्टीकरण याच मुद्द्याचं आहे.

बाष्पाचे रेणू हवेत नुसते एकमेकांना चिकटून थेंब होत नाहीत. पूर्ण स्वच्छ हवेत तसं घडायला सापेक्ष आर्द्रता कित्येक शे टक्क्यांवर न्यावी लागेल. प्रत्यक्षातल्या ढगात ती 100 टक्क्यांच्या जेमतेम वर जाते: 100.1 ते 100.5, जोरदार वर चढणाऱ्या हवेत फार तर 101. या वरच्या अंशाला अतिसंपृक्तता म्हणतात. इतक्या कमी अतिसंपृक्ततेत थेंब धरायला आधार लागतो, आणि तो आधार म्हणजे ढगबीज. कण जितका लहान तितका त्याच्यावरचा पाण्याचा पृष्ठभाग जास्त वक्र आणि पाणी उडून जाण्याची ओढ जास्त. उलट कणातला विद्राव्य भाग पाण्याला धरून ठेवतो. या दोन्हींचा हिशेब स्वीडनच्या हिल्डिंग कोलर यांनी मांडला. 1936 चा त्यांचा निबंध आजही या विषयाचा पाया आहे.

हल्ली कणाची पाणी धरण्याची क्षमता कॅपा या एकाच आकड्याने सांगतात. मिठाचा कॅपा सुमारे 1.2, अमोनियम सल्फेटचा 0.6 आणि जंगलातल्या वायूंपासून झालेल्या सेंद्रिय कणांचा साधारण 0.1. याचा अर्थ आकड्यांत पाहा. 100 नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) व्यासाचा सल्फेट कण सुमारे 0.15 टक्के अतिसंपृक्ततेला थेंब होतो. तेवढाच सेंद्रिय कण 0.37 टक्के मागतो. 50 नॅनोमीटरचा सेंद्रिय कण 1 टक्क्याच्या वर मागतो, म्हणजे बहुतेक ढगांत तो कोरडाच राहतो. 10 नॅनोमीटरचा तर 12 टक्के मागतो, आणि एवढी अतिसंपृक्तता कुठल्याच ढगात मिळत नाही. म्हणून "जंगलात घनसेंटिमीटरमागे इतके हजार कण मोजले" असं वाक्य दिसलं की पहिला प्रश्न कणांच्या आकाराचा विचारावा. हजारो कण 10 नॅनोमीटरचे असतील तर ढगाच्या दृष्टीने ते अजून नसल्यातच जमा आहेत.

जंगलातून हवेत येणारा माल तीन प्रकारचा असतो, आणि चर्चेत या तिन्हींची सरमिसळ होते. पहिला प्रकार वायूंचा: पानांतून निघणारे आयसोप्रीन, पाइनीन, लिमोनीन वगैरे. हे हवेत रासायनिक बदल होऊन मग कण बनतात. दुसरा थेट उडणाऱ्या जैविक कणांचा: बुरशीचे बीजाणू, परागकण, जिवाणू, पानांचा चुरा. तिसरा धूर, म्हणजे वणव्याचा. तिसरा जंगलातून येतो हे खरं, पण तो जंगलाचा श्वास नव्हे. त्याचा हिशेब वेगळाच ठेवावा लागतो.

वायूंचा मार्ग सविस्तर सांगतो, कारण गैरसमज सगळ्यात जास्त तिथेच आहेत.

आयसोप्रीन हा पाच कार्बनचा छोटा रेणू. जगभरातली झाडं मिळून वर्षाला 50 कोटी टनांच्या आसपास आयसोप्रीन हवेत सोडतात. झाड त्याचा साठा करत नाही. ऊन पडलं की पानात तयार होतं आणि लगेच बाहेर पडतं, रात्री बंद. तापमान वाढेल तसं उत्सर्जन झपाट्याने वाढतं, साधारण 40 अंशांपर्यंत. बांबू आणि निलगिरी हे याचे जोरदार उत्सर्जक. मोनोटर्पीन दहा कार्बनची; पाइनीन, लिमोनीन ही त्यातलीच. चीड-देवदारासारखी सूचिपर्णी झाडं ती राळेत साठवून ठेवतात, त्यामुळे तिथे ती रात्रीही, फक्त तापमानाच्या हिशेबाने, झिरपत राहतात. पान चुरगळल्यावर जो उग्र वास येतो तो बऱ्याचदा याच कुळातल्या रेणूंचा. डोंगरांवरच्या निळसर धुरकटपणाचा संबंध या टर्पीनांशी आहे, हे फ्रिट्स वेंट यांनी 1960 मध्येच सुचवलं होतं.

हवेत आल्यावर हायड्रॉक्सिल मूलक (मूलक म्हणजे रेणूचा अतिशय क्रियाशील तुकडा), ओझोन आणि रात्री नायट्रेट मूलक या रेणूंवर तुटून पडतात. प्रत्येक पायरीला रेणूत ऑक्सिजन भरत जातो आणि रेणू जड, चिकट, कमी बाष्पनशील होत जातो. काही रेणू तर काही सेकंदांतच इतका ऑक्सिजन घेतात की वायुरूपात राहूच शकत नाहीत. ते एकमेकांना किंवा आधीच्या कणांना चिकटतात. जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेतल्या क्लाउड प्रयोगाने 2016 मध्ये दाखवलं की सल्फ्युरिक आम्ल जवळपास नसलं तरी नुसत्या पाइनीनच्या या ऑक्सिजनभरल्या रेणूंपासून नवे कण जन्माला येऊ शकतात. त्याआधीची समजूत अशी होती की नव्या कणाच्या जन्माला गंधकाचं आम्ल हवंच.

आयसोप्रीनचं वागणं वेगळं. वस्तुमानाने जास्त असूनही त्यातून होणारा कणांचा उतारा कमी, सहसा काही टक्केच. मोनोटर्पीनचा 10-20 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. वर आयसोप्रीन हायड्रॉक्सिल मूलक खाऊन टाकतं आणि मोनोटर्पीनच्या वाट्याला कमी मूलकं येतात. जर्मनीत युलिश इथल्या वनस्पती-कक्षात 2009 मध्ये हे स्पष्ट दिसलं: आयसोप्रीन वाढवलं की नव्या कणांचा जन्म मंदावतो. त्यामुळे "जास्त झाडं, जास्त वायू, जास्त कण" ही सरळ बेरीज चुकीची आहे. कोणती झाडं, हे ठरवल्याशिवाय उत्तर निघत नाही. जमिनीलगत असं असलं तरी गडगडाटी ढग आयसोप्रीन वर खेचून नेतात. 8 ते 15 किलोमीटर उंचीवरच्या अतिथंड हवेत तेच आयसोप्रीन कण घडवतं, हे ॲमेझॉनवरच्या विमान-मोजणीतून आणि सर्नच्या प्रयोगातून 2024 मध्ये समोर आलं.

आता वेळेचा हिशेब. नवा कण जन्मतो तेव्हा तो दीड-दोन नॅनोमीटरचा असतो. ढगबीज व्हायला त्याला किमान 80 पर्यंत वाढावं लागतं. वाढीचा वेग साधारण तासाला 1 ते 10 नॅनोमीटर; चार धरला तर जवळजवळ 20 तास. रात्री रसायन मंदावतं, म्हणजे प्रत्यक्षात एक ते दोन दिवस. तेवढ्यात ताशी 18 किलोमीटरच्या साध्या वाऱ्यानेही हवा दिवसाला 430 किलोमीटर जाते. भीमाशंकरवर सकाळी जन्मलेला कण ढगबीज होईतो भीमाशंकर फार मागे पडलेलं असतं. शिवाय वाटेत त्याला जगावं लागतं. दोन नॅनोमीटरचा कण फार चंचल असतो. हवेत मोठे कण भरपूर असतील तर थोड्याच वेळात त्यांच्यावर आदळून संपतो. पुण्याच्या हवेत, जिथे डिझेलची काजळी, धूळ आणि सल्फेट आधीच आहेत, तिथे असे कोवळे कण मोठ्या प्रमाणात टिकत नाहीत. फिनलंडमधल्या ह्युटियाला इथल्या जंगलात 1996 पासून कणांच्या आकारमानाची अखंड मोजणी चालू आहे. तिथे वसंतात सकाळी कण जन्मतात आणि दिवसभर वाढत जातात. आलेखावर तो केळ्याच्या आकाराचा पट्टा दिसतो, कारण तिथली हवा स्वच्छ आहे आणि जंगल शेकडो किलोमीटर सलग आहे. तो आलेख समोर ठेवून सह्याद्रीबद्दल बोलणं हा नेहमीचा घोटाळा आहे.

मग आपल्याकडे जंगलाच्या वायूंचं काम काय? माझ्या मते नवे कण जन्माला घालण्यापेक्षा असलेल्या कणांना पोसणं हे त्यांचं मोठं काम आहे. 50 नॅनोमीटरचा एक सल्फेट कण घ्या. एकटा असताना त्याला 0.43 टक्के अतिसंपृक्तता लागते. त्याच्यावर जंगलातल्या सेंद्रिय बाष्पाचा थर चढून तो 100 नॅनोमीटरचा झाला. आता त्याच्या आकारमानाचा आठवा भागच सल्फेट उरला, कॅपा 0.6 वरून 0.16 वर आला, म्हणजे पाणी धरण्याची जात उतरली. तरी लागणारी अतिसंपृक्तता 0.29 टक्क्यांवर येते. आकार वाढल्याचा फायदा जात उतरल्याच्या तोट्यापेक्षा मोठा ठरतो. 0.3 टक्के अतिसंपृक्ततेच्या ढगात जो कण आधी वाया जात होता तो आता थेंब होतो. शहरावरून आलेला वारा ज्या जंगलात शिरतो तिथे ही गोष्ट नेहमी तपासावी.

सह्याद्रीवर ऋतूप्रमाणे चित्र पूर्ण बदलतं. जून ते सप्टेंबर वारा अरबी समुद्रावरून येतो. कोकणपट्टी आणि घाट मिळून 70-80 किलोमीटर. सेकंदाला 10 मीटरच्या वाऱ्याने हवा ते अंतर दोन तासांत ओलांडते. आभाळ झाकलेलं, ऊन नाही, म्हणून आयसोप्रीन कमी आणि हायड्रॉक्सिल मूलकंही कमी. दोन तासांत वायूंपासून ढगबीज होणं जवळजवळ अशक्य. या दिवसांत घाटावरच्या ढगाला बीज पुरवतात ते समुद्री मीठ, सल्फेट आणि दुरून आलेले जुने कण. जंगलाचा त्या काळातला वाटा बुरशीच्या बीजाणूंचा आणि त्याहून कितीतरी मोठा म्हणजे ओलाव्याचा: पानांतून होणारं बाष्पोत्सर्जन, झाडांच्या भिजलेल्या छत्रातून परत उडणारं पाणी, आणि कड्यावरच्या झाडांनी धुक्यातून गाळून घेतलेलं पाणी.

मार्च ते मे हा वायूंचा खरा हंगाम असायला हवा, कारण ऊन आणि तापमान दोन्ही टिपेला. पण आपल्याकडचं बरंचसं जंगल पानझडी आहे. साग तेव्हा उघडाबोडका असतो. पानच नाही तर आयसोप्रीन कुठून? भीमाशंकर, महाबळेश्वरच्या सदाहरित-निमसदाहरित पट्ट्यांत आणि जुन्या देवरायांत पानं असतात, आणि चैत्रपालवी फुटते तसं इतर झाडांचं उत्सर्जन सुरू होतं. याच काळात वणवे लागतात, डोंगरउतारांवर गवत पेटतं, आणि धुराचे कण घनसेंटिमीटरला हजारोंनी येतात. त्यात जंगलाचा जैविक वाटा शोधणं फार अवघड होऊन बसतं. माझ्या अनुभवात आपल्याकडच्या मोजणीसाठी सगळ्यात उपयोगी काळ म्हणजे पाऊस उघडल्यानंतरचे काही आठवडे: झाडं पूर्ण पानांत, ऊन स्वच्छ, वणवे नाहीत, आणि पावसाने हवा धुतलेली.

पुण्याजवळ या विषयाचं मोजमाप करायची चांगली सोय आहे. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 2012 मध्ये महाबळेश्वरला, सुमारे 1,380 मीटर उंचीवर, ढगभौतिकीची प्रयोगशाळा उभारली. पावसाळ्यात तिथे ढग जमिनीलाच टेकतात, म्हणजे विमानाशिवाय ढगात उभं राहून मोजता येतं. याच संस्थेचा केपेक्स हा विमान-प्रयोग 2009 मध्ये सुरू झाला.

ढगबीजं वाढली की ढगात काय बदलतं, ते एका गणिताने पाहू. एका घनमीटर ढगात अर्धा ग्रॅम द्रव पाणी आहे. घनसेंटिमीटरला 100 थेंब असतील तर प्रत्येकाची त्रिज्या साधारण 10.6 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर). तेच पाणी 1,000 थेंबांत वाटलं गेलं तर त्रिज्या 4.9 मायक्रॉन. पावसाचा थेंब व्हायला लाखो ढगथेंब एकमेकांवर आदळून जुळावे लागतात, आणि ही टक्कर परिणामकारक होते ती थेंबांची त्रिज्या 14 मायक्रॉनच्या आसपास पोचल्यावर. पाच मायक्रॉनचे थेंब हवेबरोबर एकमेकांना वळसा घालून निघून जातात. म्हणून जास्त ढगबीजं म्हणजे जास्त पाऊस नव्हे. उथळ, गोठणरेषेखालच्या (जिथे तापमान शून्य अंशांवर येतं त्या उंचीच्या खालच्या) ढगात ती पाऊस लांबवतात. अशा ढगाचा रंग मात्र जास्त पांढरा दिसतो, कारण तेवढ्याच पाण्याचा पृष्ठभाग वाढलेला असतो. शॉन टूमी यांनी 1970 च्या दशकात हा परिणाम दाखवून दिला.

यातूनच पुढची गोष्ट निघते. ॲमेझॉनमध्ये पावसाळ्यात घनसेंटिमीटरला जेमतेम काही शे कण असतात. तिथे जंगलाने 100 ढगबीजं वाढवली तर ढग बदलतो. शहराजवळच्या जमिनीवरच्या हवेत हजाराच्या पुढे ढगबीजं असताना आणखी 100 आली तर ढगाला ती जाणवतही नाहीत, कारण उपलब्ध बाष्प आधीच वाटलं गेलेलं असतं. आणखी बीजं आली की अतिसंपृक्ततेचा माथाच खाली येतो आणि लहान कण वगळले जातात. ॲमेझॉनमधल्या 325 मीटर उंचीच्या मनोऱ्यावर जे मोजतात ते आपल्याकडे तसंच्या तसं लागू होत नाही, ते यामुळे.

मोठ्या कणांना मात्र हा नियम लागू नाही. दोन ते दहा मायक्रॉनचा बीजाणू किंवा समुद्री मिठाचा मोठा कण सुरुवातीपासूनच मोठा थेंब धरतो, आणि तो खाली पडता पडता लहान थेंब गोळा करतो. असे मोजके कणही पाऊस लवकर सुरू करून देऊ शकतात. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर हे काम मुख्यतः समुद्री मीठ करत असावं असं मला वाटतं, कारण ते वाऱ्याबरोबर थेट येतं आणि त्याचा कॅपाही जास्त. परागकण बहुतेक 10 ते 100 मायक्रॉनचे, संख्येने अगदी थोडे, आणि लवकर खाली बसणारे. पण ओलाव्याने परागकण फुटतो आणि त्यातून मायक्रॉनहून लहान तुकडे सुटतात. दमेकऱ्यांना पावसाच्या पहिल्या वादळात जो त्रास होतो त्यामागे काही ठिकाणी हेच तुकडे असतात. ढगबीज म्हणूनही ते चालतात, फक्त त्यांची संख्या धूर-सल्फेटच्या तुलनेत किरकोळ.

बर्फाचा भाग वेगळा. शुद्ध पाण्याचा ढगथेंब उणे 38 अंशांपर्यंत न गोठता राहू शकतो. खनिज धुळीचे कण साधारण उणे 15 च्या खाली त्याला गोठवतात. पानांवर राहणारा सूडोमोनास सिरिंजी हा जिवाणू मात्र उणे 2 अंशांपासूनच गोठवतो, कारण त्याच्या बाह्यपटलावरचं प्रथिन पाण्याच्या रेणूंना बर्फाच्या रचनेत बसवतं. त्यावरून झाडं-जिवाणू-पाऊस असं चक्र असावं, अशी कल्पना अमेरिकेतल्या मोंटाना इथल्या डेव्हिड सँड्स यांनी मांडली. प्रयोगशाळेतला गुण पक्का आहे. ढगात त्याची संख्या पुरेशी असते का हा खरा प्रश्न. उणे 20 अंशांना गोठवणारे सगळ्या प्रकारचे कण मिळून लिटरला एखादा असतो, म्हणजे दहा लाख कणांत एक. मात्र उणे 3 ते उणे 8 अंशांच्या पट्ट्यात गारांवर थेंब गोठताना बर्फाचे कपचे उडतात आणि एकाचे अनेक होतात. त्यामुळे शून्याच्या जवळच्या तापमानाला गोठवणारा एखादा जैविक कणही पुढची साखळी सुरू करू शकतो. आपल्याकडे पावसाळ्यात गोठणरेषा पाच किलोमीटरच्या वर असते आणि घाटावरचा बराच पाऊस तिच्याखालच्या ढगांतून पडतो. म्हणून हा मुद्दा घाटावरच्या संततधारेपेक्षा एप्रिल-मेच्या वळवाच्या उंच ढगांना जास्त लागू आहे.

ज्यांना हे मोजायचं आहे, विशेषतः पुण्यातल्या महाविद्यालयांतल्या गटांना, त्यांच्यासाठी थोडं तपशिलात.

ढगबीज-मापकात अर्ध्या मीटरची उभी नळी असते. भिंती ओल्या, वरचं टोक थंड, खालचं गरम. बाष्प उष्णतेपेक्षा जलद पसरतं, म्हणून नळीच्या मध्यरेषेवर नेमकी अतिसंपृक्तता तयार होते. तिथून जाणाऱ्या कणांपैकी जे मायक्रॉनपेक्षा मोठे होतात ते खालचा प्रकाशीय मापक मोजतो. नमुना मिनिटाला अर्धा लिटर, त्यात कणांची हवा एक भाग आणि भोवतीची स्वच्छ हवा दहा भाग. 0.2 ते 1 टक्का अशा पायऱ्या लावताना प्रत्येक पायरीला दहा मिनिटं द्यावीत आणि तापमान स्थिरावेपर्यंतची पहिली काही मिनिटं टाकून द्यावीत. वीज गेली-आली की हे स्थिरावणं पुन्हा पहिल्यापासून, म्हणून यूपीएस हवाच. नळीतली अतिसंपृक्तता हवेच्या दाबाबरोबर बदलते. पुण्यात दाब सुमारे 950 हेक्टोपास्कल, महाबळेश्वरला 860. पुण्यात केलेलं अंशशोधन (यंत्राचा आकडा माहितीतल्या कणांशी ताडून पाहणं) वर नेलं तर सरळ दहा टक्क्यांच्या आसपास चूक येते. अंशशोधन जागेवरच, अमोनियम सल्फेटने करावं: द्रावणाचे फवारे वाळवून, आकार निवडून, अर्धे कण ज्या व्यासाला थेंब होतात तो व्यास शोधायचा. 0.43 टक्क्यांना तो 50 नॅनोमीटरच्या आसपास यायला हवा. दुहेरी विद्युतभाराच्या कणांची दुरुस्ती केली नाही तर वक्राला मध्येच एक खोटी पायरी दिसते.

पावसाळ्यात यंत्रापेक्षा इनलेट (हवा आत घेणारी नळी) दगा देते. आत येणारी हवा 40 टक्के आर्द्रतेखाली वाळवायला हवी. सिलिका जेल निळ्याचं गुलाबी झालं की बदलायचं. जुलैत घाटावर हे रोजचं काम होऊन बसतं. कण मोजणाऱ्या ब्यूटेनॉलच्या यंत्रात ओलावा शिरला की ब्यूटेनॉल पातळ होतं आणि मोजणी हळूहळू घसरते. घसरण इतकी संथ असते की ती पावसाने हवा धुतल्यासारखी वाटते. म्हणून पावसाळ्यात ब्यूटेनॉल वेळापत्रकाने बदलावं, आकडे बिघडायची वाट पाहू नये.

याहून फसवी चूक ढगात उभं असताना होते. ढग जमिनीवर असताना जे कण ढगबीज होते ते आता 10-20 मायक्रॉनचे थेंब झालेले असतात. इनलेटवर अडीच मायक्रॉनची चाळणी असेल तर ते सगळे बाहेरच राहतात आणि आत येतात ते फक्त नापास झालेले कण. यंत्र सांगतं "ढगबीजं अचानक कमी झाली", प्रत्यक्षात ती इनलेटच्या तोंडासमोर तरंगत असतात. उपाय दोन: थेंबांसकट सगळं आत घेऊन गरम करणारी इनलेट, किंवा उलटा झोत मारून फक्त थेंब वेचणारी इनलेट. दोन्ही नसतील तर ढगातल्या वेळेचे आकडे वेगळे काढावेत. त्यासाठी दृश्यमानता-मापकाची नोंद शेजारी हवी.

झाडाचं उत्सर्जन मोजताना फांदीवर टेफ्लॉनची पिशवी चढवून तिच्यातून स्वच्छ हवा खेळवतात. पिशवी चढवताना पानं दुखावली की टर्पीनचा लोंढा येतो; काही तास जाऊ द्यावेत, शक्य तर दुसऱ्या दिवशी मोजावं. उन्हात पिशवीच्या आत तापमान बाहेरपेक्षा बरंच चढतं, म्हणून पानाचं तापमान आतच मोजावं. येणाऱ्या हवेतला ओझोन काढला नाही तर तो शोषक नळीत टर्पीन खाऊन टाकतो. मोनोटर्पीनसाठी टेनॅक्स या शोषकाची नळी चालते, पण आयसोप्रीन तिच्यावर टिकत नाही. मागे कार्बनी शोषकाचा थर जोडावा. प्रोटॉन-हस्तांतरणाच्या वस्तुमानमापकावर आयसोप्रीन 69 या वस्तुमानाच्या आकड्याला दिसतं, आणि धुरातला फ्युरानही तिथेच दिसतो. वणव्याच्या दिवसांत रात्री दोन वाजता "आयसोप्रीन" दिसत असेल तर तो धूर आहे. शेजारी काजळीमापक असलं की ही शंका लगेच मिटते.

बीजाणूंसाठी बरकार्डचा सापळा साधा आणि भरवशाचा: मिनिटाला 10 लिटर हवा, चिकट पट्टी तासाला 2 मिलिमीटर सरकते, आठवडाभराची नोंद एका पट्टीवर. गोठणकण (थेंब गोठवणारे कण) तपासायला गाळणीवरचा नमुना शुद्ध पाण्यात धुऊन त्याचे थेंब थंड करत जायचे आणि किती अंशाला किती गोठले ते लिहायचं. मग तोच नमुना 95 अंशांना तापवून पुन्हा. तापवल्यावर गोठण्याचं तापमान खाली घसरलं तर गोठवणारं प्रथिन, म्हणजे बहुधा जैविक. नुसत्या पाण्याचे थेंब कधी गोठतात हे आधी मोजलं नसेल तर बाकीच्या आकड्यांना अर्थ नाही.

आता टेकड्यांचा प्रश्न. मे महिन्यात पुण्यात तापमान 38 आणि दवबिंदू 15 असेल तर ढगाचा तळ जमिनीपासून जवळजवळ 2,900 मीटरवर जातो (दोन्हींतल्या फरकाच्या प्रत्येक अंशाला 125 मीटर, हा साधा ठोकताळा). तिथून पडणारा पाऊस वाटेतच सुकतो. तिथे कण कितीही वाढवा, फरक पडत नाही. ऑगस्टमध्ये 27 आणि 23 असताना तळ 500 मीटरवर येतो, तरी शहर पर्जन्यछायेत आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास आणि पुण्याला सातशे-साडेसातशे. एवढं अंतर डोंगराने पाडलेलं आहे. काहीशे हेक्टरच्या टेकडीवरच्या झाडांचे कण त्यात मोजता येण्याइतकाही फरक करणार नाहीत. टेकडीवर झाडं जरूर लावावीत: सावलीसाठी, मुरणाऱ्या पाण्यासाठी, माती धरण्यासाठी, पाखरांसाठी. आणि जिथे मूळचा गवताळ माळ आहे तिथला काही भाग माळच ठेवावा.

लावताना मात्र वायूंचा विचार करावा, कारण शहरात त्याचा परिणाम ढगांपेक्षा श्वासावर आधी होतो. वाहनांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड आणि झाडांचं आयसोप्रीन उन्हात एकत्र आले की जमिनीलगत ओझोन वाढतो. गर्दीच्या रस्त्यांना लागून निलगिरी किंवा बांबूच्या दाट रांगा लावू नयेत. ती झाडं वाहतुकीपासून दूर ठेवावीत. रस्त्याकडेला कोणतं देशी झाड लावायचं हे ठरवताना त्याच्या पानांचं उत्सर्जन एकदा वर सांगितलेल्या पिशवीने, एप्रिलच्या उन्हात आणि ऑक्टोबरच्या उन्हात, असं दोनदा मोजून घेतलं तर रोपवाटिकेच्या यादीत त्याचा आकडा कायमचा लिहून ठेवता येईल.